शहरातली पहिली फुल मॅरेथॉन कशी पळावी: बसमधून परत आलेल्या बाईकडून

मी सातवी-आठवीला गणित शिकवते. पहिली फुल (४२.१९५ किलोमीटर) पळायला गेले तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते आणि काळ-काम-वेगाची उदाहरणं फळ्यावर सोडवून एकोणीस वर्षं झाली होती. तरीही चौतिसाव्या किलोमीटरला मी फुटपाथच्या कडेवर बसलेली होते. दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले होते आणि एक स्वयंसेवक मुलगा वाकून सांगत होता, "काकू, बसू नका. बसलात की उठायला होणार नाही." खरंच झालं नाही. शेवटी उठवलं ते मागे पडलेल्यांना गोळा करत मागून येणाऱ्या बसमधल्या माणसांनी. त्या बसमध्ये आम्ही अकरा जण होतो आणि कुणीही कुणाशी बोलत नव्हतं.

त्यानंतर चार फुल पूर्ण केल्या. त्यातली सगळ्यात बरी वेळ चार तास बावन्न मिनिटं. म्हणजे जिंकणारा आंघोळ करून, जेवून आडवा झालेला असतो तेव्हा मी पोचते. त्यामुळे साडेतीन तासांच्या आत पळू बघणाऱ्यांनी यात वेळ घालवू नये. हे साडेचार ते सहा तासवाल्यांसाठी आहे, आणि चार-पाच महिने सराव झालाय, तीस-बत्तीस किलोमीटरची लाँग रन निदान दोनदा झाली आहे असं धरून लिहिलंय. ती झाली नसेल तर यंदा हाफ पळा. हाफमध्ये काही कमीपणा नाही.

एक गोष्ट मला बसमध्ये बसल्यावर कळली. सरावात आपण अंतर पळत असतो. पहाटे, रिकाम्या रस्त्यावर, आपल्या मर्जीच्या वेगानं. शर्यतीच्या दिवशी शहर पळावं लागतं: गर्दी, बँड, टाळ्या, वळणं, पूल, उंच इमारती, पाण्याची टेबलं. आणि शहर तुम्हाला सुरुवातीला पळवतं आणि शेवटी एकटं सोडतं. बाकी सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

आधीचे पंधरा दिवस

टेपर म्हणजे अंतर कमी करत जाणं. शेवटची मोठी रन शर्यतीच्या तीन आठवडे आधी, मग निम्मं, मग अगदी थोडं. या काळात अंगात काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं. गुडघा दुखतो, घसा खवखवतो, रात्री झोपेत टाच ठणकते. बहुतेक वेळा काहीही झालेलं नसतं. रोज पळणाऱ्याला दोन दिवस बसवलं की त्याचं सगळं लक्ष स्वतःच्या पायांकडे जातं, एवढंच. "एक शेवटची तीस करून बघू, म्हणजे खात्री होईल" हा विचार आला तर तो तसाच जाऊ द्या. या पंधरा दिवसांत केलेल्या कष्टांचा फायदा शर्यतीत मिळत नाही, थकवा मात्र मिळतो.

पायाची नखं चार-पाच दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको. बूट नवे नकोत आणि फाटके नकोत. पन्नास-साठ किलोमीटर पळून झालेले, पायाला ओळखणारे हवेत.

आणि मार्गाचे शेवटचे दहा किलोमीटर बघून या. पळत नाही, सायकलवरून किंवा बसमधून. सुरुवातीचा भाग बघायची गरज नाही, तिथं तुम्ही शुद्धीवर असता. नकाशावर चढ कळत नाही, आणि कळला तरी तो कितव्या किलोमीटरला आहे याचा अर्थ लागत नाही. बॉस्टन मॅरेथॉनमधली हार्टब्रेक हिल एवढी गाजलेली आहे, पण चढ किती? सुमारे २७ मीटर. आठ-नऊ मजल्यांएवढा. फक्त तो बत्तीस किलोमीटर संपल्यावर येतो. तुमच्या शहरातला रोजचा साधा उड्डाणपूलही सदतिसाव्या किलोमीटरला असला की त्याचं डोंगरात रूपांतर होतं. तो कुठं आहे हे आधी माहीत असेल तर माणूस त्याला शिव्या देत का होईना, चढतो. अचानक समोर आला तर थांबतो.

आदला दिवस

बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबराचा कागद, घ्यायला जाल तिथं बुटांचे, मोज्यांचे, पट्ट्यांचे स्टॉल असतात. बिब घ्या, वेळ लिहून घ्या, बाहेर पडा. मी पहिल्या वेळी तिथं तीन तास फिरले आणि कमरेचा एक नवा पट्टा घेतला. दुसऱ्या दिवशी तो बत्तीस किलोमीटर पोटावर उड्या मारत होता. मग मी तो हातात धरला. शर्यतीच्या दिवशी अंगावर एकही नवी गोष्ट नको. टोपीसुद्धा.

बिबच्या मागे वेळ मोजणारी चिप असते, त्यामुळे तो दुमडू नका, त्यावर पट्टा येऊ देऊ नका. चारही कोपऱ्यांना पिना लावा, आणि टी-शर्ट अंगात घालून लावा. गादीवर पसरून लावलात तर अंगात घातल्यावर बिब ताणतो आणि पिना टोचतात. मागच्या बाजूला रक्तगट आणि घरच्यांचा फोन नंबर लिहायला जागा असते. ती भरा. मी अशी कितीतरी माणसं पाहिली आहेत ज्यांना ते भरणं अपशकुनी वाटतं.

जेवणात जे नेहमी खाता तेच, भात-पोळी-ब्रेड असलं थोडं जास्त, तेलकट आणि चोथ्याचं कमी. आणि लवकर. रात्री झोप येणार नाही. येऊ नये अशीच ती रात्र असते. त्याच्या आदल्या रात्री नीट झोपलेलं असलं की पुरतं.

जिथं जिथं कपडा घासतो किंवा कातडीला कातडी घासते तिथं तिथं पेट्रोलियम जेली लावा: काखा, मांड्या, कंबर, ब्राच्या पट्टीखाली. पुरुषांनी छातीवर टेप लावावा. शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये पांढऱ्या टी-शर्टवर दोन लाल ओघळ घेऊन पळणारे पुरुष दरवर्षी दिसतात आणि प्रत्येकाला वाटत असतं की हे फक्त आपल्यालाच झालंय.

रेघेआधी

सुरू व्हायच्या दीड तास तरी आधी पोचा, कारण संडासची रांग. पोचल्या पोचल्या रांगेत लागा, बाहेर आलात की परत त्याच रांगेच्या शेवटी जा. हसू नका. नंबर येईपर्यंत पुन्हा लागलेली असते. टिश्यू आपले आपले.

नाश्ता अडीच-तीन तास आधी झालेला असावा आणि तोच असावा जो लाँग रनच्या पहाटे खात होतात. थंडी असेल तर टाकून द्यायचा एखादा जुना स्वेटर घाला, नाहीतर मोठी प्लास्टिकची पिशवी घ्या आणि डोकं-हात बाहेर काढायला भोकं पाडा. फार केविलवाणं दिसतं, पण तिथं सगळेच तसे दिसतात.

बंदूक वाजली की आपण पळत नाही. आपण उभे असतो. मग चालतो, मग परत उभे राहतो. मला सुरुवातीच्या रेघेपर्यंत पोचायला एकदा चौदा मिनिटं लागली होती. काळजी करू नका, तुमची वेळ चिप रेघ ओलांडते तिथून मोजली जाते. कटऑफ, म्हणजे शर्यत संपवायची शेवटची मुदत, मात्र काही ठिकाणी बंदुकीपासून मोजतात. नियम वाचताना ही एक ओळ शोधून ठेवा, कारण मागच्या गटातल्या माणसाला ती चौदा मिनिटं महागात पडतात.

पहिले दहा किलोमीटर

आता मुख्य गोष्ट.

रेघ ओलांडली की उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग अशी सगळ्यांची अवस्था असते. टेपरमुळे पाय ताजे, मागून गर्दी, बाजूनं टाळ्या. पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, चुकतो आणि तो चुकलाय हे कळतच नाही, कारण श्वास लागत नाही. पहिल्या वेळी माझं लक्ष्य पाच तासांचं होतं. ३०० मिनिटं भागिले ४२.१९५, म्हणजे किलोमीटरला ७ मिनिटं ७ सेकंद. मी पहिले आठ किलोमीटर साडेसहाच्या पेसनं पळाले. दर किलोमीटरला ३७ सेकंद वाचत होते. आठ किलोमीटरात जवळजवळ पाच मिनिटं "कमावली" आणि मी मनातल्या मनात ती शिल्लक म्हणून लिहूनही ठेवली. पुढं उपयोगी पडतील म्हणून.

ती शिल्लक नव्हती. उसनवारी होती. हिशेब असा आहे. पळताना दर किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे, ढोबळमानानं एक किलोकॅलरी लागते. माझं वजन ५८ किलो, म्हणजे पूर्ण अंतराला साधारण २,४५०. यकृतात आणि स्नायूंत मिळून ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली साखर असते सुमारे २,००० किलोकॅलरींची, तीही सगळी पायांना मिळत नाही. उरलेलं चरबीतून येतं. चरबी भरपूर आहे, माझ्याकडे तर विशेष. पण चरबी सावकाश जळते. वेग वाढवला की शरीर चरबी बाजूला ठेवून साखरेकडे हात घालतं. म्हणजे जोरात पळण्यानं नुसता दम जात नाही, तर मोजून दिलेल्या साठ्यातून जास्त वेगानं उचल होते. तो साठा तीस-बत्तीसच्या आसपास तळाला गेला की वॉल लागते, म्हणजे भिंतीवर आपटल्यासारखे पाय थांबतात. आठव्या किलोमीटरला केलेल्या चुकीचं बिल चौतिसाव्याला येतं, म्हणून चूक आणि शिक्षा यांचा संबंध कुणाला लागत नाही. मुलांनाही लागत नाही, सहावीत अपूर्णांक कच्चे राहिले की आठवीत बीजगणित अडतं तेव्हा.

दुसऱ्या वेळी मी पहिले पाच किलोमीटर साडेसातच्या पेसनं पळाले. मुद्दाम. म्हातारे मला मागं टाकून गेले, केळ्याचा पोशाख केलेला एक माणूस मागं टाकून गेला. पाच किलोमीटरनंतर मी लक्ष्याच्या ११५ सेकंद मागं होते. आणि पुढं राहिले होते सदतीस किलोमीटर. ११५ भागिले ३७. दर किलोमीटरला तीन सेकंद. तेवढे भरून काढायला कुणी मरत नाही.

मोठ्या लोकांचंही हेच. २०२३ मध्ये शिकागोला केल्विन किप्टमनं २:००:३५ हा तेव्हाचा जागतिक विक्रम केला, तेव्हा त्याचा पहिला अर्धा भाग होता १:००:४८ आणि दुसरा ५९:४७. जगातला सगळ्यात वेगवान माणूसही सुरुवातीला हातचं राखून पळाला.

व्यवहारात काय करायचं: पहिल्या पाच किलोमीटरमध्ये पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. गर्दीतून नागमोडी पळत माणसं ओलांडू नका, त्यात अंतरही वाढतं आणि पायही अडखळतात. पेसरमागं, म्हणजे ठरावीक वेळेत पोचवायला पळणाऱ्या माणसामागं, जायचं असेल तर लक्ष्यापेक्षा दहा मिनिटं उशिराचा पेसर धरा आणि अर्ध्यानंतर सोडा. पळणं-चालणं मिसळणार असाल तर चालण्याचा मिनिट पहिल्या किलोमीटरपासून घ्या, दमल्यावर नव्हे. अमेरिकेचे ऑलिंपिक धावपटू जेफ गॅलोवे यांनी ही पद्धत लोकप्रिय केली. मी नऊ मिनिटं पळून एक मिनिट चालते. पहिल्या नऊ मिनिटांनंतर, सगळ्यांसमोर, ताज्या पायांनी चालायला लाज वाटते. वाटू द्या.

घड्याळ खोटं बोलतं, थोडंसंच

मार्ग अधिकृतपणे मोजतात तो सायकलला मोजयंत्र लावून, सगळ्यात जवळच्या रेषेनं: वळणाच्या आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटरवरून. आणि चुकून कमी भरू नये म्हणून हजारात एक या प्रमाणात, म्हणजे ४२ मीटर, वर घालतात. तुम्ही काही त्या रेषेवरून पळणार नाही. गर्दी, पाण्याची टेबलं, बाहेरून घेतलेली वळणं. त्यामुळे शेवटची रेघ येते तेव्हा जीपीएस घड्याळात ४२.६ किलोमीटर वगैरे झालेलं असतं.

आता उदाहरण सोडवा. पाच तासांत ४२.६ पळायचे तर पेस ७:०७ नव्हे, ७:०२ दाखवला पाहिजे. घड्याळावर विसंबून ७:०७ नं पळालात तर शेवटी तीन मिनिटं उशीर होतो आणि कुठं गेली कळत नाही. उंच इमारतींच्या मधून जाताना तर जीपीएस पार वेडं होतं. सिग्नल भिंतींवर आपटून येतो, चार मिनिटांचा पेस दाखवतं, मग अकरा. तिथं घड्याळाकडे बघूच नका. किलोमीटरच्या पाट्या खऱ्या धरा, पाटी आली की घड्याळाचं लॅपचं बटण हातानं दाबा. दर पाच किलोमीटरला किती वाजले पाहिजेत हे कागदाच्या पट्टीवर लिहून, वर चिकटपट्टी लावून मनगटाला बांधा. पस्तीसनंतर मला सात अधिक आठ सुद्धा करता येत नाहीत. गणिताच्या बाईला.

वळण दिसलं की दुरूनच, हळूहळू तिरकं जात आतल्या कडेला या. ऐन वळणावर आत घुसू नका, मागचा माणूस पडतो.

पाणी, आणि जास्तीचं पाणी

पाण्याच्या ठिकाणी पहिल्या टेबलावर सगळे तुटून पडतात. शेवटच्या टेबलाकडे जा. ग्लास वरून चिमटीत दाबा, म्हणजे त्याला चोच येते आणि पाणी नाकात जात नाही. चालत प्या. वीस पावलं चालल्यानं पंधरा सेकंद जातात, ठसका लागला तर जास्त जातात. अचानक थांबू नका आणि रिकामा ग्लास बाजूलाच टाका, ओल्या ग्लासांवरून घसरून पडलेली माणसं पाहिली आहेत.

किती प्यायचं? तहान लागेल तेवढं. आम्हा सावकाश पळणाऱ्यांना सगळे सांगत असतात, पाणी पी, पाणी पी, प्रत्येक टेबलाला पी. पाच तास प्रत्येक टेबलाला प्यायलं तर घामातून जाईल त्यापेक्षा जास्त पोटात जातं आणि रक्तातलं सोडियम पातळ होतं. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. धोका जास्त होता तो शर्यतीत वजन वाढलेल्यांना आणि चार तासांहून जास्त वेळ घेणाऱ्यांना. मळमळ, डोकेदुखी, बोटं सुजून अंगठी रुतणं, गोंधळल्यासारखं होणं, ही लक्षणं पाणी कमी पडल्यासारखीच वाटतात, आणि माणूस आणखी पाणी पितो. सरावातल्या एखाद्या लाँग रनच्या आधी आणि नंतर वजन करून बघा. वाढलेलं निघालं तर तुम्ही जास्त पीत आहात.

जेल, म्हणजे पाकिटातला साखरेचा घट्ट पाक, भूक लागायच्या आधी. तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट असा सर्वसाधारण हिशेब असतो आणि एका जेलमध्ये वीस-पंचवीस ग्रॅम असतात. मी दर चाळीस मिनिटांनी एक घेते, म्हणजे पाच तासांत सात. जेलबरोबर साधं पाणी, गोड पेय नको, नाहीतर पोट बंड करतं. जेल जमत नसेल तर केळं, पण तेही सरावात पळता पळता खाऊन पाहिलेलं.

दुखण्यावरची गोळी खिशात ठेवू नका. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या घेऊन तासन्‌तास घाम गाळला की मूत्रपिंडावर ताण येतो. शिवाय दुखणं झाकलं की जे सांगायला ते आलेलं असतं ते कळत नाही.

मधले

पंधरा ते अठ्ठावीस याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. ते बरे जातात. न्यूयॉर्कच्या शर्यतीत पंचविसाव्या किलोमीटरच्या आसपास क्वीन्सबरो पूल येतो. त्यावर प्रेक्षक नसतात, नुसता बुटांचा आवाज. तो उतरून फर्स्ट अव्हेन्यूवर आलं की गर्दीचा गजर अंगावर येतो आणि पळणारे न कळत वेग वाढवतात. अशी जागा प्रत्येक शहराच्या मार्गात असते. टाळ्या जोरात आल्या की मी घड्याळ बघते आणि मुद्दाम थोडी मंदावते. हसून हात हलवते, त्याला काही लागत नाही.

तीसच्या पुढं

इथं शहर तुम्हाला सोडतं. ऊन वर आलेलं असतं, प्रेक्षक जेवायला गेलेले असतात, काही टेबलांवरची माणसं आवराआवर करत असतात, आणि रस्त्याची दुसरी बाजू वाहनांना उघडलेली असते. हॉर्न ऐकू यायला लागतात. माझ्या दुसऱ्या शर्यतीत छत्तिसाव्या किलोमीटरला एक बाई हातात भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडायला थांबली होती. माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "अजून चालू आहे का हो?" मी म्हटलं, "माझं चालू आहे."

दुखणं इथं जागा बदलत राहतं. डावी मांडी, मग कंबर, मग खांदे. खांदे दुखतात याचं पहिल्या वेळी आश्चर्य वाटतं. हात दोन मिनिटं खाली लोंबकळू द्या, मुठी उघडा. पाऊल आखूड करा, संख्या तीच ठेवा. चढावर नजर दहा पावलांपुढं, माथ्यावर नाही. पोटरीत गोळा येतोय असं वाटलं की लगेच चाला, टाच जमिनीला लावून हळू ताण द्या. उभं राहून झटके देऊ नका आणि काहीही झालं तरी बसू नका. तो मुलगा मला उगाच सांगत नव्हता.

अंतराचे तुकडे करा. दहा किलोमीटर उरले असं म्हणू नका. पुढचा दिव्याचा खांब. मी दोन खांब पळते, एक चालते. पळणं-चालण्याचा मूळ हिशेब मोडला तरी हा नवा हिशेब हिशेबच असतो. कुणाशी तरी बोला. सदतिसाव्याला एकदा एक आजोबा बाजूला आले, म्हणाले, "ताई, तुम्ही मोजताय ना? मोठ्यानं मोजा, मीही मोजतो." आम्ही चार किलोमीटर खांब मोजले. नाव विचारायचं राहिलं.

पण थांबायचं कधी, हेही सांगायला हवं. पाय दुखणं, रडू येणं, सगळ्यांचा राग येणं हे चालतं. छातीत दुखणं, उन्हात थंडी वाजून काटा येणं, भोवळ, सरळ पळता न येणं, आपण कुठं आहोत हे न सुचणं: यातलं काहीही झालं की जवळच्या स्वयंसेवकाला सांगा आणि थांबा. बस तेवढ्यासाठीच असते. बसमधून परत आलेल्याला पुढच्या वर्षी परत पळता येतं.

शेवटचे १९५ मीटर

बेचाळीसची पाटी दिसते आणि वाटतं संपलं. नाही. अजून १९५ मीटर. हे विचित्र शेपूट १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधलं आहे. विंडसर किल्ल्यापासून स्टेडियमपर्यंत २६ मैल आणि आत राजघराण्याच्या बैठकीसमोरच्या रेघेपर्यंत ३८५ यार्ड. १९२१ मध्ये तेच अंतर कायमचं ठरलं. त्या शर्यतीत इटलीचा दोरांदो पिएत्री स्टेडियममध्ये सगळ्यात आधी शिरला, चुकीच्या बाजूला वळला, पुन्हा पुन्हा कोसळला, आणि अधिकाऱ्यांनी हात दिल्यामुळे बाद झाला. ती ३८५ यार्ड त्याला एकट्याच्या बळावर पार झाली नाहीत. मला हे १९५ मीटर दीड मिनिट लागतात. राजघराण्याबद्दल त्या दीड मिनिटात माझ्या मनात काय येतं ते इथं लिहीत नाही.

घरच्यांना शेवटच्या रेघेशी उभं करू नका, तिथं गर्दीत कुणी कुणाला दिसत नाही. चाळीसाव्याला, रस्त्याच्या ठरलेल्या बाजूला उभं करा. आणि त्यांना सांगून ठेवा, "थोडंच राहिलं" असं म्हणायचं नाही. "चाल छान आहे" म्हणायचं.

नंतर

रेघ ओलांडली की चालत राहा, दहा-पंधरा मिनिटं तरी. एकदम थांबलं की पायांत रक्त साचतं आणि डोळ्यांपुढं अंधारी येते. चकचकीत चादर देतात ती नाकारू नका, दहा मिनिटांत हुडहुडी भरते. काहीतरी खारट, काहीतरी गोड. बसायचंच झालं तर खुर्चीवर, जमिनीवर नको. घरच्यांना भेटायची जागा आधी ठरवलेली असू द्या, फोन लागत नाहीत.

दुसऱ्या दिवशी जिना चढता येतो, उतरता येत नाही. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार झेलतात आणि त्यांचंच सगळ्यात जास्त नुकसान झालेलं असतं. कठडा धरून उलटं उतरा. माझी मुलगी पहिल्यांदा बघत राहिली आणि म्हणाली, "आई, तू रिवाइंड होतेयस." दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखरावर असतं, मग ओसरतं. आठवडाभर पळायचं नाही, चालायचं.

नख काळं पडलं असेल तर उपटू नका. खालून नवं येत असतं, जुनं आपसूक सुटतं. माझं पहिलं पाचव्या आठवड्यात सुटलं, भर वर्गात, मोज्याच्या आत. तास संपेपर्यंत मी फळ्यापासून हलले नाही आणि मुलांना वाटलं, आज बाईंना प्रमेय फारच आवडलंय.